वहाब मिस्त्रीची धुतलेली रेती

आमच्याकडे वाळूला रेती म्हणतात, आणि रेतीबद्दल प्रत्येकाचं काही ना काही मत असतं. वैनगंगेच्या काठचा माणूस आपल्या रेतीची सोयरिकीसारखी तारीफ करतो. वर्धेच्या काठचा माणूस ते ऐकून घेतो आणि मग आपली सांगतो. मी गडचांदुरात राहतो, पण मूळचा वैनगंगेकाठच्या चामोर्शीकडचा, त्यामुळे मी कोणत्या बाजूचा हे सांगायला नको. पण गडचांदूरमध्ये असा वाद फार वाढला की लोक उठत आणि वहाब मिस्त्रीच्या अंगणात जात. तिथे मत मिळत नसे. निकाल मिळत असे.

वहाबभाऊ गवंडी. उभी हयात थापी आणि प्लास्टरच्या रंध्यावर गेली. मशिदीची भिंत त्यांनी उचलली, विहाराचं प्लास्टर त्यांनी केलं, आणि दोन्हीकडे रेती त्यांनीच निवडली. निवडायची रीत ठरलेली. आधी मूठभर रेती आवळायची आणि हात उघडायचा. तळव्याला चिकटली तर माती आहे. मग दोन्ही तळव्यांत घेऊन कानाशी चोळायची. चांगली रेती कुरकुर बोलते, वाईट रेती गप्प राहते. शेवटी चिमूटभर जिभेवर. खारट लागली तर ट्रक माघारी. खाऱ्या रेतीने भिंतीला लोणा लागतो, रंग फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि घरमालक गवंड्याच्या नावाने बोटं मोडतो. वहाबभाऊंच्या नावाने कोणी बोटं मोडली नव्हती.

पुढे गुडघे गेले. पायाडावर चढणं बंद झालं. मग अंगणात कडुलिंबाखाली एक खुर्ची आली आणि वहाबभाऊ त्या खुर्चीवर बसू लागले. लोक रुमालात, पिशवीत, कधी टिफिनच्या झाकणात रेती घेऊन येत. त्यांचे जुने जोडीदार, स्लॅबचे ठेकेदार बापूराव, दर दोन दिवसांनी येत. वहाबभाऊ मूठ आवळत, कानाशी चोळत, जिभेवर ठेवत आणि बोलत. हात कामाला लागत नव्हते, पाय चालत नव्हते. त्यांच्याजवळ उरलं होतं ते एवढंच, रेतीवरचा शब्द.

त्यांचा मुलगा सरफराज सिमेंटच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. त्याचं लग्न नातेवाइकांच्या ओळखीने रत्नागिरीकडच्या मुलीशी झालं. तिचं नाव अदीबा. माशांचं शास्त्र शिकलेली, बापाची स्वतःची होडी. इथे आल्यावर ती गावातल्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. घरात सगळे आमच्याकडची हिंदी बोलत. तिला ती ऐकून हसू येई, आणि तिची कोकणी ऐकून घरच्यांना. म्हणून सून आल्यापासून घरात मराठी चाले, आणि सासरा आणि सून तर एकमेकांशी मराठीतच बोलत. दोघांनाही ती अर्धी परकी आणि अर्धी आपली होती, म्हणजे कोणालाच कोणावर हसता येत नव्हतं.

लग्नाला वर्ष झालं तरी अदीबाने सासरी काही मागितलं नव्हतं. साडी नाही, मोबाइल नाही. सासूला, म्हणजे शकिलाबाईंना, याची चिंता वाटे. मागत नाही ती सून एक तर फार चांगली असते नाहीतर सामान बांधून बसलेली असते, असं त्यांचं म्हणणं. शेवटी एके दिवशी अदीबाने मागितलं. तिला काचेच्या टाकीत समुद्र पाहिजे होता. खारं पाणी, प्रवाळ, त्यात राहणारे मासे.

"पाणी कुठून आणशीन?" बापूरावांनी विचारलं.

"मीठ पाकिटात मिळतं, भाऊ. शुद्ध पाण्यात कालवायचं."

बापूरावांनी वहाबभाऊंकडे पाहिलं. "समुद्र पाकिटात येते म्हणते तुमची सून."

"येत असन," वहाबभाऊ म्हणाले. "सिमेंट नाई का येत पिशवीत." मग सुनेकडे वळून त्यांनी विचारलं, "खाली का टाकशीन?"

"वाळू."

"मंग ते माझ्यावर सोड, बेटा. रेती माझी."

असा हा शब्द दिला गेला. बापूराव साक्षीला होते आणि साक्ष पोटात ठेवायची त्यांना सवय नव्हती.

सरफराजने टाकी आणली. वहाबभाऊंनी तिच्यासाठी बैठकीत विटांचा ओटा बांधला. बसून, सरकत, गुडघ्यांना शिव्या देत. त्यावर केलेलं प्लास्टर असं होतं की त्यात कोंबडीने आपलं तोंड पाहिलं असतं. घरातला एकुलता कूलर झोपायच्या खोलीतून निघाला आणि टाकीकडे तोंड करून बसला, कारण आमचा उन्हाळा माशांना सोसत नाही. माणसांना सोसतो की नाही हे त्या घरात कोणी विचारलं नाही.

मग बापूरावांच्या स्कूटरवरून चामोर्शीची रेती आली. वैनगंगेची, पात्राच्या मधली. वहाबभाऊंनी ती चाळली, धुतली आणि परातीत सुनेपुढे ठेवली. नवरीला दागिना दाखवावा तशी.

अदीबाने परात पाहिली. "फार सुंदर आहे, अब्बा," ती म्हणाली. मग स्वयंपाकघरातून वाटीत सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणला, त्यात चिमूटभर रेती टाकली आणि वाकून पाहत बसली. रेती तळाशी जाऊन बसली. काही झालं नाही.

"का पाहून राह्यली?"

"बुडबुडे यायला हवेत."

"रेतीतून बुडबुडे आले त मी ट्रक वापस पाठवतो."

तेव्हा अदीबाने त्यांना समजावून सांगितलं. अशा टाकीत लागते ती समुद्रातली वाळू दगडाची नसते. शिंपल्यांची, प्रवाळांची, मेलेल्या जिवांच्या घरांची झिजून झालेली असते. म्हणजे सगळा चुनाच. टाकीतलं पाणी हळूहळू आंबट होऊ लागतं, आणि असली वाळू त्याला आवरून धरते. नदीची वाळू म्हणजे गारगोटी. ती पाण्याशी बोलत नाही. वर तिच्यातल्या गाळाने काचेवर तपकिरी साय धरते.

वहाबभाऊंनी ऐकून घेतलं. चुना असलेली रेती आयुष्यभर त्यांनी नाकारली होती. शिंपल्याचा तुकडा दिसला की ते ढिगारा दुसऱ्यांदा चाळायला लावत. पण सून शिकलेली होती आणि सिरक्याने काहीच बोलायचं नाकारलं होतं.

"चुना पाह्यजे म्हणतेस?" ते म्हणाले. "गडचांदुरात चुन्याले का कमी आहे?"

खरंच नाही. आमच्या गावाच्या पोटात चुनखडी आहे, गावावर तिची धूळ आहे आणि गावाला रोजगार तिचाच आहे. वहाबभाऊंनी खाणीकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून दळलेल्या दगडाचं पोतं मागवलं. सिरका टाकला तर ते असं फसफसलं की शकिलाबाई मागे सरकल्या. अदीबा थोडी घुटमळली. दगड समुद्राचाच आहे खरा, ती म्हणाली. फार फार वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्याच तळाचा हा दगड.

"इथी समुद्र होता?" वहाबभाऊंनी विचारलं.

"होता."

"मंग गेला काऊन?"

अदीबाने पोत्यातली चिमूट बोटांत चोळली. तिने एवढंच सांगितलं की ही पूड फार बारीक आहे, हिचे कण धारदार आहेत. पण सासऱ्याचा चेहरा पाहून तिने जास्त ताणलं नाही आणि पूड टाकीत गेली.

टाकीत दूध भरल्यासारखं झालं. आठवडा उलटला तरी पलीकडची भिंत दिसेना. मासे अजून यायचे होते, तरी बापूराव येऊन काचेला नाक लावत आणि म्हणत, "मासे आहेत का आत? नाई, मले दिसून नाई राह्यले म्हणून विचारलं." पाणी निवळलं तेव्हा तळाशी पूड अशी घट्ट बसली होती की वहाबभाऊंनी कोपरापर्यंत हात घालून ती ठोकून पाहिली. "कोबा चांगला झाला," ते म्हणाले. मग त्यांनीच छिन्नीने तो काढला.

यानंतर अदीबाने सासऱ्याला न दुखवता, स्वतःच मुंबईकडून वाळू मागवली. ती आली तेव्हा मे महिना होता आणि अदीबा शाळेत निकालाच्या कामाला गेली होती. कुरिअरवाल्याने एक जड, ओलं खोकं दाराशी ठेवलं. आत जाड पिशवी, पिशवीवर इंग्रजी. वहाबभाऊंना उर्दू वाचता येई, मराठी लागेल तेवढी. इंग्रजीशी त्यांचं काम पडलं नव्हतं.

"उघडू नका," शकिलाबाई म्हणाल्या. "तिची वस्तू आहे."

"घरात रेती आली त ते माझी वस्तू आहे."

त्यांनी पिशवी कापली. आतून खारट, शेवाळी, थोडा कुजका वास आला. रेती ओली होती. पाणी गढूळ. चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली, मीठच मीठ. आत बारीक शिंपले होते, केसासारखे किडे वळवळत होते. वहाबभाऊंना सुनेची दया आली. शिकलेली पोर, पण दुकानदाराने फसवली. घरात तिला असलं काही दिसू नये असं त्यांना मनापासून वाटलं.

आणि मग त्यांनी ते केलं जे त्यांना सगळ्यांत चांगलं येत होतं. घमेल्यात रेती घेतली, बोअरचं पाणी सोडलं, हाताने ढवळून गढूळ पाणी ओतून दिलं, पुन्हा सोडलं, पुन्हा ओतलं, पाणी काचेसारखं निघेपर्यंत. गुडघे दुखत होते तरी थांबले नाहीत. जे हाती लागले ते किडे आणि शिंपले वेचून कोंबड्यांपुढे टाकले. त्या दिवशी कोंबड्यांनी समुद्र खाल्ला. मग रेती गच्चीवर ताडपत्रीवर पसरली. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे दुसरी भट्टी. दुपार कलेपर्यंत रेती वाजायला लागली. शेवटी बारीक जाळीने चाळली. एवढी पांढरी, एवढी स्वच्छ रेती त्यांनीही पाहिली नव्हती. बापूराव आले, त्यांनी मूठ भरून पाहिली आणि टोमणा न मारता म्हणाले, "वहाबभाऊ, ही त खायच्या लायकीची केली तुम्ही."

अदीबा आली तेव्हा दोघं खुर्च्यांवर बसले होते आणि मध्ये परात होती. तिने परात पाहिली. कापलेली रिकामी पिशवी पाहिली. कोंबड्यांकडे पाहिलं.

"छान धुतली, अब्बा," ती म्हणाली आणि आत गेली.

तिच्या मागोमाग शकिलाबाई आत जाऊन आल्या आणि नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

"ते रेती जिती होती."

"कोण?"

"रेती. डोळ्याला दिसत नाईत असे जीव होते तिच्यात. ते मासोळीची घाण खातात, पाणी साफ ठेवतात. त्यासाठीच ओली पाठवली होती. तुम्ही उन्हात घातली."

बापूरावांनी परातीतून हात काढून घेतला.

वहाबभाऊंनी एक चिमूट उचलून जिभेवर ठेवली. खार नव्हता, कणभरही नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा खार नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

बापूराव हा मनाचा चांगला माणूस, पण बसस्टँडवर त्यांचा चहा ठरलेला आणि चहाबरोबर बोलणं ठरलेलं. दुसऱ्या दिवशी गावाला कळलं की वहाब मिस्त्रीने रेती मारली. लोक अंगणात येऊ लागले, पण रुमालात रेती आणत ती दाखवायला नव्हे. "भाऊ, पाहून द्या न जरा, आमची जिती आहे का मेली?" वहाबभाऊ पाहत नसत. मग त्यांनी खुर्ची उचलून आत ठेवली. स्लॅब पडत राहिले, त्यांना न विचारता. एकही स्लॅब कोसळला नाही, आणि हेच त्यांना जास्त लागलं.

आठवड्याने तेच सुनेजवळ जाऊन बसले. "नवीन मागव," म्हणाले.

"नको, अब्बा. वाळू तीच हवी होती. कणही बरोबर चाळलेत तुम्ही. फार जाड असते तर मधे घाण अडकली असती, फार बारीक असते तर पाण्याबरोबर उडाले असते. नुसता जीव नाही तिच्यात. कोणाच्या चालत्या टाकीतली मूठभर वाळू मिळाली तर ती वर पसरायची, आणि थांबायचं. जीव वाढत जातो."

"म्हणजे विरजण," शकिलाबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

अदीबाने त्यांच्याकडे पाहिलं. "हो, अम्मी. विरजणच."

अशी टाकी या भागात एकच तिच्या ऐकण्यात होती. चंद्रपुरात, डॉक्टर नंदिनी यांच्या दातांच्या दवाखान्यात, बाहेरच्या खोलीत. सरफराज म्हणाला, रविवारी मी जातो. वहाबभाऊ म्हणाले, रेती मी धुतली. सकाळच्या एसटीने ते निघाले, हातात दुधाची किटली.

दवाखान्यात समोर बसलेल्या मुलीने विचारलं, "कोणता दात?"

"दात नाई बाई. रेती पाह्यजे."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, आणि नंबर दिला. वहाबभाऊ बसले. समोर भिंतीत समुद्र होता. तळाची रेती त्यांनी नीट पाहिली: मळकी, शिंपल्यांनी भरलेली, कोपऱ्यात शेवाळ. ट्रकमधून आली असती तर ट्रकवाल्याला पाणीही विचारलं नसतं. आज तिच्यासाठी किटली घेऊन रांगेत बसले होते.

त्यांचा नंबर आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आ करा, काका." डॉक्टरने आ करा म्हटलं की करायचा, अशा पिढीतले ते. त्यांनी आ केला. डॉक्टरबाईंनी आरसा फिरवला आणि थांबल्या.

"दात इतके झिजले कशाने?"

"रेतीनं," वहाबभाऊ तोंड उघडं ठेवूनच म्हणाले.

मग तोंड मिटल्यावर सगळं सांगितलं. वैनगंगा, सिरका, कोबा, कोंबड्या. हातचं राखून काही ठेवलं नाही. डॉक्टरबाई हसल्या नाहीत; निदान त्यांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी बाह्या वर केल्या, बाहेर जाऊन टाकीत हात घातला आणि तळाची मूठभर रेती, खाऱ्या पाण्यासकट, किटलीत सोडली. मग म्हणाल्या, "पण ही मागची दाढ काढावीच लागेल, काका."

संध्याकाळी वहाबभाऊ एका हातात किटली आणि गालात कापूस घेऊन घरी आले. बापूराव फाटकाशीच होते. "का हो, रेतीच्या बदल्यात दात द्या लागते का?" त्यांनी विचारलं. वहाबभाऊंना बोलता येत नव्हतं. त्या दिवशी बापूराव जिंकले.

पांढरी रेती टाकीत पडली, खारं पाणी आलं, आणि वर अदीबाने ती मळकी मूठ पसरली. मग पावसाळा आला. रेतीवर तपकिरी साय धरली. वहाबभाऊंचे हात शिवशिवत.

"जराशी वरवर धुतली त?"

"हात घालायचा नाही, अब्बा."

"चमच्यानं?"

"चमचाही नाही."

धान रोवलं गेलं, धान पोटरीवर आलं, आणि वहाबभाऊ मांडीवर हात ठेवून टाकीसमोर बसून राहिले. काही न करण्याचं काम त्यांनी याआधी केलं नव्हतं, आणि ते प्लास्टरहून कठीण निघालं. हळूहळू साय आपोआप विरली. काचेला लागून रेतीत बारीक बिळं दिसू लागली. एक केसासारखा किडा वळवळत गेला. वहाबभाऊंनी शकिलाबाईंना हाक मारून तो दाखवला, जसं नातवाचं पहिलं पाऊल दाखवावं. कोंबड्यांना बैठकीत यायची मनाई झाली.

धान कापणी उरकल्यावर अदीबाने मासा मागवला. हा मासा रेतीत राहतो आणि रेतीतच जेवतो, तिने सांगितलं. रेतीत जीव असेल तर जगेल, नसेल तर पोट आत जाऊन मरेल. त्याला दुसरं काही फसवून खाऊ घालता येत नाही. हे ऐकल्यावर वहाबभाऊंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मासा बोटाएवढा, पांढरट, डोळे वर आलेले. टाकीत सोडल्यावर तो तळाशी जाऊन बसला आणि हलेना. बापूराव आले होते. शकिलाबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. बराच वेळ गेला. मग माशाने तोंड खाली घातलं, तोंडभर रेती उचलली, गाल फुगवून ती चावली, आणि दोन्ही कल्ल्यांतून कण कण बाहेर सोडली.

बापूरावांनी काचेला नाक लावलं. वहाबभाऊंचं तोंड नकळत त्याच्यासारखंच हललं.

मासा थोडा पुढे सरकला आणि त्याने दुसरा घास घेतला.

"हा त मिस्त्री आहे," वहाबभाऊ म्हणाले.

त्या थंडीत ते रोज सकाळी त्याचं पोट पाहायला जात. पोट आत गेलं नाही. थंडी सरता सरता ते जरा बाहेरच आलं, आणि अदीबाने माहेरी फोन करून ते सांगितलं. माहेरी पुष्कळ मासे होते, तरी त्यांना आनंद झाला म्हणे. त्याच सुमारास तिने शाळेत पुढच्या वर्षासाठीही होकार कळवला. शकिलाबाईंनी सामानाची चिंता सोडली.

खुर्ची पुन्हा कडुलिंबाखाली कशी आली ते कोणी पाहिलं नाही. एका सकाळी ती तिथे होती आणि तिच्यावर वहाबभाऊ होते. बापूराव गमछ्यात रेती बांधून आले आणि त्यांच्यापुढे सोडली. टोमणा नव्हता, खरंच काम होतं. वहाबभाऊंनी मूठ आवळली नाही. कानाशी नेली नाही.

"राहणार कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"राहणार म्हणजे? घर आहे. माणूस राहीन."

"कोण माणूस?"

"माझा साळा."

वहाबभाऊंनी चिमूट उचलली, जिभेवर ठेवली आणि दाढेच्या रिकाम्या जागेत फिरवली. किंचित खार होता. पूर्वी ट्रक माघारी गेला असता. त्यांनी उघड्या दारातून आत टाकीकडे पाहिलं. मासा त्याच कामात होता.

"एक डाव धुऊन घ्या," ते म्हणाले. "साळ्याले चालते."